सव्वानऊ इंच

पलीकडचा खरवडण्याचा आवाज थांबला, तसा ब्रुनो झायडेलनेही आपला हात थांबवला. मध्ये मातीची अख्खी गाडी उभी होती, त्यामुळे पलीकडच्या बाजूला काम करणारा आल्डो चेरुती त्याला दिसत नव्हता. पडलेली पत्र्याची पट्टी उचलण्याचं निमित्त करून तो वाकला आणि त्याने गाडीखालून पाहिलं. आल्डोचे बूट दाराकडे वळलेले होते. घड्याळात बाराला पाच कमी होते.

कालही याच वेळेला ते असेच वळले होते. परवाही.

"कुठे निघालास?" ब्रुनोने विचारलं.

"जेवायला. माणसं दुपारी जेवतात, तुझ्या कानावर आलं असेल."

"डबा तर इथेच आहे तुझा."

"असू दे. त्याला आज भूक नाही," आल्डो म्हणाला. एप्रन खुंटीला अडकवून तो चालू लागला. दारावरच्या पहारेकऱ्याने त्याचे खिसे चाचपले, नखं पाहिली, वहीत वेळ लिहिली आणि त्याला बाहेर सोडलं. दोन दिवसांतच सगळ्यांना याची सवय झाली होती.

ब्रुनो पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला. सतरा वर्षं हे दोघं एकाच गाडीच्या दोन बाजूंना काम करत आले होते. ब्रॅनफर्ड मोटर कंपनीत तशी रीतच होती. मातीची एक गाडी करायची आणि तिच्या डाव्या बाजूला एक कल्पना, उजव्या बाजूला दुसरी. मधोमध आरसा धरला की साहेबांना अर्ध्या गाडीत पूर्ण गाडी दिसायची. आवडली ती बाजू ठेवायची, दुसरी खरवडून पहिलीसारखी करायची. डावी बाजू आल्डोची, उजवी ब्रुनोची, हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी जो जिथे उभा राहिला तिथेच सतरा वर्षं राहिला. दोघांची बोटं इतकी तयार होती की पत्र्याच्या जाडीइतका उंचवटा ते डोळे मिटून सांगत.

गेल्या ऑक्टोबरात मात्र पहिल्यांदाच दोन बाजू एकमेकींशी भांडत असल्यासारख्या झाल्या होत्या. आल्डोने आपली बाजू आखूड केली होती. शेपूट कापलेलं, मागे उंच निघणारे शोभेचे पंख नाहीत, अंगावर चकचकीत पट्ट्या नाहीत. ब्रुनोच्या बाजूला प्रॅटसाहेबांनी आखून दिलेली गाडी होती, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा आणखी लांब, आणखी बुटकी, आणखी रुंद. प्रॅटसाहेब स्टुडिओचे मुख्य. वरचे साहेब आले, आरसा फिरवून त्यांनी दोन्ही गाड्या पाहिल्या, आणि एक जण आल्डोच्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाला, "ही काय धुतल्यावर आटली का?" सगळे हसले. उजवी बाजू पास झाली. तेव्हापासून आल्डो पाच महिने स्वतःची गाडी स्वतःच खरवडत होता आणि तिच्या जागी ब्रुनोची चढवत होता.

अशा माणसाच्या मनात काय शिजत असेल, हा प्रश्न ब्रुनोला पाच महिन्यांत एकदाही पडला नव्हता. गेल्या सोमवारपासून पडत होता.

त्या सोमवारी मोटारधंद्यातल्या खबरा देणारं चार पानी पत्रक आलं. डेट्रॉइटमधला प्रत्येक साहेब ते आधी हसत आणि मग दार लावून वाचायचा. त्यात तिसऱ्या पानावर होतं: ब्रॅनफर्डची पुढची गाडी आजच्यापेक्षा सव्वानऊ इंचांनी लांब असेल. नऊ लिहिलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं, दहा लिहिलं असतं तर साहेबांनी थट्टा केली असती. गाड्या दर वर्षी लांबतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या पाव इंचाने घात केला. पाव इंच कोणाला अंदाजाने सुचत नाही.

त्याच दिवशी दाराची कुलपं बदलली. खिडक्यांच्या काचांना आतून रंग लावला. कचऱ्याच्या टोपलीवर पहारा बसला. आणि स्टुडिओतली अकरा माणसं, जी काल एकमेकांच्या डब्यातलं लोणचं न विचारता घेत होती, ती एकमेकांच्या बुटांकडे बघू लागली.

*

हॅस्केटसाहेब कंपनीच्या सुरक्षेचे प्रमुख होते. आधी वीस वर्षं पोलिसांत काढलेला हा माणूस आवाज कधी चढवत नसे. बुधवारी त्यांनी ब्रुनोला बोलावलं. टेबलावर टोकं केलेल्या पाच पेन्सिली आणि ते पत्रक, एवढंच होतं.

"बसा, झायडेल. हा आकडा गाडीच्या कुठल्या बाजूचा?"

"उजव्या."

"म्हणजे तुमच्या."

"म्हणजे प्रॅटसाहेबांच्या. मी फक्त माती लावतो, साहेब."

हॅस्केटच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. "आकडा किती जणांना ठाऊक होता?"

"प्रॅटसाहेब, वरचे दोघे, दोघे नकाशेवाले आणि मी." ब्रुनो जरा थांबला. "आणि आल्डो. माझी बाजू मोजूनच तो आपली करतोय."

"तुम्ही कोणाला सांगितलात?"

"बायकोलासुद्धा नाही. तिला विचारा हवं तर. सतरा वर्षांत एक आकडा माझ्या तोंडातून बाहेर पडलेला नाही."

हे खरं होतं आणि ब्रुनोला त्याचा अभिमान होता. हॅमट्रॅमिकमध्ये, त्याच्या मोहल्ल्यात, लोक त्याला बियर पाजून विचारून थकले होते. तो ताकास तूर लागू देत नसे.

"वरून निरोप आहे," हॅस्केट म्हणाले. "शुक्रवारपर्यंत माणूस सापडला नाही तर स्टुडिओला कुलूप. अकराच्या अकरा घरी. नवी माणसं घेऊन नवा स्टुडिओ. मी तुम्हाला कोणावर आळ घ्यायला सांगत नाही. फक्त काय दिसलं ते सांगायचं."

"मला काही दिसलेलं नाही."

"मग बघा," हॅस्केट म्हणाले.

ब्रुनो बाहेर पडला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मातीत हात घालणाऱ्याला दुसरीकडे कोण उभं करणार? कुलूप लागणं म्हणजे काय, ते त्याला अकरा घरांच्या हिशेबाने कळत होतं, आणि त्यातलं पहिलं घर त्याचं स्वतःचं होतं. हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

त्याने बघायला सुरुवात केली. आणि बघायचं म्हटलं की दिसतंच. आल्डोकडे काळ्या पुठ्ठ्याची छोटी वही होती. पूर्वी ती कधी दिसली नव्हती. ब्रुनो जवळ गेला की ती खिशात जायची. आल्डो पूर्वी काम करताना इटालियनमध्ये गाड्यांना शिव्या द्यायचा. "या डिकीत आमच्या कारारा गावातलं एक आख्खं कुटुंब संसार करेल, वर एक भाडेकरू ठेवेल," हे तर तो दर आठवड्याला म्हणायचा. आता तोही बोलत नव्हता. मुकाट्याने माती चढवत होता. ज्या माणसाची चीड अशी अचानक मुकी होते, त्याच्याकडे कुठेतरी पाणी मुरत असलं पाहिजे, असं ब्रुनोला वाटू लागलं.

गुरुवारी बाराला पाच कमी असताना बूट वळले, तसा ब्रुनोही मागोमाग निघाला. आल्डो रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरला. दुकानाच्या मागच्या भागात टेलिफोनची काचेची खोली होती. ब्रुनो खोकल्याच्या गोळ्यांच्या कपाटाआड उभा राहिला. वही उघडून आल्डो फोनवर बोलत होता. दार नीट लागलेलं नव्हतं.

"नाही, एकशे शहाहत्तर," त्याचा आवाज आला. "चाकांमध्ये शंभर. हो, मी स्वतः मोजलंय. नाही, इथे कोणाला पत्ता नाही. कळलं तर मला उभा जाळतील."

ब्रुनोने खोकल्याच्या गोळ्या विकत घेतल्या आणि तो परत आला. एकशे शहाहत्तर हा त्यांच्या कुठल्याच गाडीचा आकडा नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण सांकेतिक भाषा असेल, असं त्याच्या मनाने लगेच सांगितलं. मन एकदा त्या वाटेला लागलं की त्याला पुरावा स्वतः तयार करता येतो.

संध्याकाळी सुटताना त्याने पाहिलं, आल्डोला हॅस्केटच्या खोलीत बोलावलं होतं. शुक्रवारी सकाळी आल्डोचा एप्रन खुंटीवर होता आणि आल्डो आलेला नव्हता.

पळाला, ब्रुनोच्या मनात आलं. तो तसाच हॅस्केटच्या खोलीकडे गेला. दार उघडंच होतं.

"बोला," हॅस्केट म्हणाले.

"मी आळ घेत नाही."

"नाही. तुम्ही फक्त पाहिलेलं सांगताय."

ब्रुनोने सांगितलं. वही, रोज बारा वाजताचा फोन, आकडे, 'इथे कोणाला पत्ता नाही' हे वाक्य. प्रत्येक शब्द खरा होता. हॅस्केटनी ते टंकून घेतलं, कागद त्याच्यापुढे सरकवला आणि ब्रुनोने सही केली. सही करताना त्याचा हात थरथरला नाही, याचं त्यालाच पुढे अनेक दिवस नवल वाटत राहिलं.

दुपारी प्रॅटसाहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की प्रकरण मिटलं आहे, चेरुती आता कंपनीत नाही, कुलूप लागणार नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण थोड्या वेळाने कोणीतरी शीळ घालू लागलं आणि लोणच्याची बाटली पुन्हा फिरली. ब्रुनो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. मागचा पंख अर्धवट राहिला होता. त्याने त्यावर तळवा फिरवला. काम नेहमीसारखंच नितळ होतं, कुठे खळगा नव्हता.

संध्याकाळी चर्चच्या सभागृहात ईस्टरआधीच्या उपासाचं जेवण होतं, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून तळलेले मासे. त्याच्या बायकोने, हेलेनाने, त्याच्या ताटात तीन वाढले. त्याने एक खाल्ला.

"आजारी आहेस का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग चेहरा कशाला असा केलायस? कोण मेलंय?"

"खा तू," ब्रुनो म्हणाला.

*

शनिवारी सकाळी हेलेनाने त्याला जाळीच्या दारासाठी बिजागऱ्या आणायला पिटाळलं. स्टॅश कोवाल हा मोहल्ल्यातला सुतार. गल्लीच्या टोकाला त्याचं लाकडाचं दुकान होतं. गल्लीतून जाताना ब्रुनोला दोन्ही बाजूंना घरांची मागची गॅरेजं दिसत होती. ती सगळी तीस वर्षांपूर्वीची, म्हणजे गाड्या उभ्या आणि आखूड असायच्या त्या काळातली. आता अर्ध्यांचे दरवाजे लागत नव्हते. बंपर बाहेर, दाराला दोरी, असा प्रकार होता. ज्यांना जमलं त्यांनी गॅरेजच्या पुढच्या भिंतीला भोक पाडून लाकडी पेटी ठोकली होती, म्हणजे गाडीचं नाक पेटीत जाई आणि मागे दार लागे. ब्रुनोच्या स्वतःच्या गॅरेजला अशी पेटी गेल्या नोव्हेंबरात बसली होती. कंपनीच्या माणसाने दर दोन वर्षांनी कंपनीची नवी गाडी घ्यायची असा अलिखित नियम होता, आणि पुढचं वर्ष त्याचं होतं. थंडीने जमीन गोठायच्या आत काम उरकावं, असं हेलेनाचं म्हणणं पडलं होतं.

आज त्याला अशा कोऱ्या पेट्या पाच दिसल्या. सहावी स्टॅशच्या दुकानात अर्धी ठोकलेली होती.

"धंदा जोरात दिसतोय," ब्रुनो म्हणाला.

"तुझ्याच कृपेने," स्टॅश म्हणाला. "बस. बिजागऱ्या किती?"

"दोन. माझी कृपा कसली?"

स्टॅशने अंगठ्याने मागे दाखवलं. भिंतीवरच्या खिळ्याला एक लाकडी पट्टी सुतळीने टांगली होती. तिच्यावर जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: पुढच्या वर्षासाठी, झायडेलचं माप.

ब्रुनोने ती खिळ्यावरून काढली. मोजायला टेपची गरज पडली नाही. दोन्ही टोकं तळव्यांत येताच त्याच्या बोटांना कळलं.

"हे काय आहे, स्टॅश?"

"अरे, विसरलास? पेटी बसवायला आलो तेव्हा मी विचारलं, पुढची गाडी किती वाढणार? तू म्हणालास, तोंड उघडायची सोय नाही. मी म्हटलं, बाबा, मग भोक काय ज्योतिषाला विचारून पाडू? तेव्हा तू हात पुढे केलेस. एवढं, म्हणालास." स्टॅशने हवेत दोन्ही तळवे समोरासमोर धरून दाखवले. "मी मध्ये पट्टी धरली आणि कापली. सगळी गल्ली म्हणते, स्टुडिओतल्या माणसाने आपल्या गॅरेजला जेवढं ठेवलं तेवढं आम्हालाही ठेव. आम्ही आपले याच पट्टीने काम करतो. तू एक शब्द बोलला नाहीस हो. मी सगळ्यांना सांगतो, झायडेल पक्का माणूस, एक शब्द बोलला नाही."

 ब्रुनो लाकडाच्या ढिगावर बसला. सतरा वर्षं त्याने जीभ सांभाळली होती. हातांना कुलूप घालायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या कोणी हात पसरून एवढं म्हटलं असतं तर ते नऊ असतं, अकरा असतं, काहीही असतं. त्याच्या हातांना चुकता येत नव्हतं. गेले चार महिने तो त्याच पेटीसमोर गाडी लावत होता आणि तिच्याकडे त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"ही कोणी बाहेरच्याने पाहिली?" त्याने विचारलं.

"एक जण आला होता महिन्यामागे. टोपीवाला, गोड बोलणारा. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या ओळखीचा. त्याने टेप लावून मोजली, हसला आणि मला एक सिगार देऊन गेला." स्टॅशने बिजागऱ्या कागदात गुंडाळल्या. "का रे? काही झालं का?"

ब्रुनो ती पट्टी घेऊनच बाहेर पडला. बिजागऱ्या तिथेच राहिल्या.

*

आल्डोचं घर शहराच्या पूर्वेला होतं. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, अंगात घरचा स्वेटर. ब्रुनोला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला चेहरा ब्रुनोला बघवेना.

"ये. मला वाटलंच तू येशील. बाकीचे नऊ जण आता माझ्या गल्लीतूनसुद्धा जाणार नाहीत."

स्वयंपाकघरात टेबलावर तीच काळी वही उघडी पडली होती. आल्डोने ती लपवली नाही. पानावर पेन्सिलीने काढलेली एक छोटी गाडी होती, ऑक्टोबरात हरलेल्या बाजूसारखी, पण तिच्याहून नीटस. कडेला आकडे होते. लांबी एकशे शहाहत्तर इंच. चाकांमध्ये शंभर.

"विस्कॉन्सिनमध्ये एक लहानशी कंपनी आहे," आल्डो म्हणाला. "त्यांना म्हणे आखूड गाडी करायची आहे. सगळे वाढवत सुटलेत, कोणीतरी एक शहाणा निघणारच की. रोज दुपारी त्यांच्याशी बोलत होतो. तुला सांगणार होतो, पण हॅस्केटने जो बाजार मांडला त्यात कोणी कोणाला काय सांगायचं?"

"घेणार आहेत तुला?"

"घेणार होते." आल्डोने ग्लासात वाइन ओतली. "काल त्यांचा फोन आला. इकडचं त्यांच्या कानावर गेलंय. म्हणाले, विचार करू. अशा माणसाला कोण स्टुडिओत घेणार, ब्रुनो? मीसुद्धा घेणार नाही."

ब्रुनोने ग्लासाला हात लावला नाही.

"आल्डो, ते माझ्याकडून गेलं. गॅरेज. मी सुताराला हाताने..."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"जानेवारीत बर्फाच्या साखळ्या मागायला आलो होतो ना तुझ्याकडे? त्या तुझ्या त्या पेटीत ठेवलेल्या होत्या. हात घातला आणि म्हटलं, अरे, हे तर आपलंच माप." तो हसला. "तेव्हा मजा वाटली. सोमवारी पत्रक आलं तेव्हा वाटली नाही."

"मग तू हॅस्केटला का नाही सांगितलंस?"

"त्याने मला चार वेळा विचारलं," आल्डो म्हणाला, जणू तेच उत्तर होतं. मग त्याने वही मिटली. "पी आता. मी तसाही जाणारच होतो. तू गेला असतास तर हेलेनाने मला फाडून खाल्लं असतं."

आपण शुक्रवारी काय केलं ते सांगायला ब्रुनोने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आल्डोने पावाचा तुकडा त्याच्यापुढे केला, आणि दोन्ही वेळा त्याने तो घेतला. निघताना आल्डोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ब्रुनोला त्या हाताचं ओझं रविवारभर जाणवत राहिलं.

*

सोमवारी हॅस्केट खोलीत येण्याआधी ब्रुनो दाराशी उभा होता. बरोबर ती लाकडी पट्टी होती. हॅस्केटनी कोट काढून टांगेपर्यंत तो थांबला आणि मग त्याने एका दमात सगळं सांगितलं: सुतार, हात, सहा पेट्या, टोपीवाला माणूस. हॅस्केटनी खणातून टेप काढून पट्टी मोजली. मग टेप बाजूला ठेवून ते म्हणाले, "हात धरा. तेव्हा धरले होते तसे."

ब्रुनोने हात समोर धरले. हॅस्केटनी त्यांच्यामध्ये टेप ताणला, बराच वेळ आकड्याकडे पाहिलं आणि तो गुंडाळून ठेवला.

"खाली करा," ते म्हणाले.

त्यांनी फाइल उघडली. तिच्यात दोन कागद होते. वरचा त्यांनी ब्रुनोपुढे ठेवला. दोनच ओळी होत्या: आकडा मी बाहेर दिला. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. खाली आल्डोची ठसठशीत सही आणि तारीख.

ब्रुनोने तारीख पुन्हा वाचली. ती गुरुवारची होती.

"गुरुवारी संध्याकाळी मी त्याला सांगितलं की आकडा उजव्या बाजूचा आहे, तेव्हा मी झायडेलला धरणार," हॅस्केट म्हणाले. "त्याने कागद मागितला. मी त्याला घरी पाठवलं, पण माझा विश्वास बसला नव्हता. इतक्या पटकन कोणी कबूल होत नाही. मी ठरवलं होतं, सकाळी वर जाऊन सांगायचं की हा खोटं बोलतोय." त्यांनी दुसरा कागद वर घेतला. "तेवढ्यात तुम्ही आलात. सतरा वर्षं बरोबर काम केलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर माझी शंका फिटली."

बाहेर कोणीतरी माती मऊ करायची भट्टी पेटवली होती आणि मातीतल्या गंधकाचा वास आत येऊ लागला होता. ब्रुनो खुर्चीत बसला नाही.

"त्याला परत बोलवा," तो म्हणाला. "आणि विस्कॉन्सिनला कळवा. माझं नाव घालून कळवा."

"कळवता येईल. पण मग त्याची ही कबुली रद्द करावी लागेल, ती त्याच्या समोर, त्याच्या सहीने. आणि तो विचारणार, की कबुलीवर विश्वास नव्हता तर मला काढलं कशाच्या जोरावर?" हॅस्केटनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "फाइल त्याला दाखवावी लागेल. पूर्ण. तुम्ही गप्प राहिलात तर त्याला हे कधीच कळणार नाही. तुमची नोकरीही राहील. पट्टी मी भट्टीत टाकेन. विचार करायला वेळ हवा असेल तर दुपारपर्यंत घ्या."

ब्रुनोने आपल्या सहीकडे पाहिलं. मग टेबलावरचा टेलिफोन त्याने स्वतःकडे ओढला.

"त्याचा नंबर..." हॅस्केटनी फाइल चाळायला घेतली.

"मला पाठ आहे," ब्रुनो म्हणाला.

तिकडे घंटी दोनदा वाजली. तिसऱ्यांदा वाजण्याआधी फोन उचलला गेला आणि आल्डोचा आवाज आला, घाईचा, आशेने भरलेला. विस्कॉन्सिनचा फोन असेल असं त्याला वाटलं होतं.

"मी ब्रुनो," ब्रुनो म्हणाला. "आल्डो, मी हॅस्केटच्या खोलीत आहे. तुला एक कागद वाचून दाखवायचा आहे. मध्ये बोलू नकोस. खाली माझी सही आहे."

आणि त्याने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.